गिटारची जंप ब्लूज फ्रेज हार्मोनिकावर कशी बसवायची

सी ची हार्प (हार्मोनिकाला वाजवणारे हार्पच म्हणतात) हातात घ्या आणि २, ३, ४, ५, ६ या होलांवर एकेक करत फक्त ड्रॉ करत जा, म्हणजे श्वास आत ओढत. पाच सूर येतील: जी, बी, डी, एफ, ए. कुठल्याही गिटारवाल्याला हे सूर सांगा, तो लगेच म्हणेल की ही तर जी नाइन्थ कॉर्ड आहे. आणि नाइन्थ कॉर्ड म्हटलं की टी-बोन वॉकर, टेक्सासचा १९१० साली जन्मलेला तो माणूस ज्याने इलेक्ट्रिक गिटारवर ब्लूज कसा वाजवायचा हे पुढच्या सगळ्यांना दाखवलं, त्याच्या वाजवण्यात ही कॉर्ड जागोजागी आहे. म्हणजे गिटारवाले ज्या आवाजासाठी बोटं वाकडी करून बसतात तो आपल्या खिशातल्या बाजात आधीपासून बसवलेला आहे, एका श्वासात, शेजारी शेजारी. मला हे कळलं तेव्हा मी जवळजवळ अर्धा तास तेवढे पाच सूरच वाजवत होतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना दहा होलांच्या साध्या डायटॉनिक हार्पवर सुटा सूर स्वच्छ काढता येतो, २, ३, ४ वर बेंड (तोंडाच्या आकाराने सूर खाली ओढणं) थोडेफार यायला लागलेत, पण जे वाजतं ते कायम तेच ते हार्पवाल्यांचं वाटतं आणि आता काहीतरी वेगळं हवंय. गिटार यायची गरज नाही, गिटारवाल्यांना ऐकायची मात्र भरपूर तयारी लागेल.

कुणाला ऐकायचं

जंप ब्लूज म्हणजे साधारण १९४० च्या दशकातलं अमेरिकेतलं छोट्या बँडचं नाचायचं संगीत. मोठ्या स्विंग बँडमधला जोश पाच-सात माणसांत आणलेला, शफलचा ठेका, बूगीचा बेस, एक-दोन सॅक्सोफोन. लुई जॉर्डन हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव आणि त्याच्या बँडमधला गिटारवाला कार्ल होगन हा आपल्या कामाचा माणूस. टी-बोन वॉकर तर आहेच. आणि जॅझकडून चार्ली ख्रिश्चन, जो १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला, पण त्या तीनेक वर्षांत त्याने गिटारला मागच्या रांगेतून उचलून पुढे सोलोला आणून बसवलं.

आता यातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चार्ली ख्रिश्चन गिटारवर सॅक्सोफोनसारखं वाजवायचा. लांब, सरळ, एकेका सुराच्या ओळी, टेनर सॅक्सोफोनवाला घेईल तशा. म्हणजे मुळात ती फ्रेज, सुरांचं ते एक वाक्य, फुंकेच्या वाद्याची, श्वासाच्या लांबीची, ती गिटारवर गेली आणि आता आपण ती परत श्वासाच्या वाद्यावर आणतोय. म्हणून गिटारचे सोलो हार्पवर जमणार नाहीत असं कुणी म्हणालं तर माझं त्याला कायम हेच उत्तर असतं की ही फ्रेज आपल्याच घरातली आहे. ब्लूजचा नावाजलेला हार्पवाला लिटल वॉल्टर, त्यानेही लुई जॉर्डनचे सॅक्सोफोनचे तुकडे ऐकून ऐकून हार्पवर बसवले होते, तेव्हा रस्ता काही नवा नाही.

आधी खुणा आणि सूर समजून घ्या

खाली आकड्याआधी उणे चिन्ह म्हणजे ड्रॉ, नुसता आकडा म्हणजे ब्लो (श्वास बाहेर फुंकत), आकड्यानंतर एक टिंब-रेघ (') म्हणजे अर्ध्या सुराचा बेंड आणि दोन ('') म्हणजे पूर्ण सुराचा. आपण सेकंड पोझिशनमध्ये वाजवणार, म्हणजे सी च्या हार्पवर जी मध्ये. मी हे सरगममध्ये डोक्यात ठेवतो कारण मग हार्प बदलली तरी काहीच बदलत नाही, तुम्हीही तसंच करा:

-१ मंद्र प
२ मंद्र ध
-२'' मंद्र कोमल नी
-२' मंद्र शुद्ध नी
-२ सा (आणि ३ ब्लो सुद्धा सा)
-३'' शुद्ध रे
-३' कोमल ग
-३ शुद्ध ग
४ शुद्ध म
-४' तीव्र म
-४ प
५ ध
-५ कोमल नी
६ तार सा
-६' तार कोमल रे
-६ तार शुद्ध रे

कुठल्या गाण्याला कुठली हार्प घ्यायची तर गाण्याचा जो सा आहे त्याचा मध्यम म्हणजे तुमची हार्प. गाणं जी मध्ये तर हार्प सी ची, ए मध्ये तर डी ची, एफ मध्ये तर बी फ्लॅटची. जंप ब्लूजमध्ये सॅक्सोफोन असल्यामुळे बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ अशा स्केल खूप येतात, त्यामुळे ई फ्लॅट आणि ए फ्लॅटच्या हार्प आज ना उद्या लागणारच. पण सुरुवात सी वरच करा, तीन महिने दुसरी नाही घेतली तरी चालेल.

पहिली पायरी: हार्प बाजूला ठेवा आणि गा

गंमत म्हणून सांगत नाहीये, ही खरंच पहिली पायरी आहे. एक सोलो निवडा, त्यातली फक्त एक फ्रेज, दोन बारची (एक बार म्हणजे चार मात्रा), त्याहून जास्त नाही, आणि ती तोंडाने गाता येईपर्यंत हार्पला हात लावू नका. दा-बा-दू-दाप असं काहीही चालेल. वेग कमी करणारं अॅप वापरा, सत्तर टक्क्यांवर आणलं तरी बऱ्याच गोष्टी सुट्या ऐकू येतात.

गाताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. फ्रेज कुठल्या मात्रेवर सुरू होते, कुठे संपते आणि शेवटचा सूर किती लांब आहे. सूर कुठले आहेत हे नंतर. उलटं केलं की काय होतं ते मी स्वतः करून बसलोय: एक बारा बारचा गिटार सोलो मी सूर न् सूर उतरवून काढला, महिनाभर घासला आणि एका गिटार वाजवणाऱ्या मित्राला ऐकवला. तो म्हणाला, "सूर सगळे बरोबर आहेत रे, पण तू थांबतच नाहीयेस." मग त्याने तोच सोलो गिटारवर वाजवून दाखवला आणि मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत बसलो. प्रत्येक फ्रेज संपली की त्याचा तळवा तारांवर अलगद पडायचा, अगदी शेवटच्या सुराच्या शेपटीवर, आणि आवाज कापल्यासारखा बंद व्हायचा. मग दीड मात्रा काहीच नाही. मग पुढची फ्रेज. मी जे महिनाभर वाजवत होतो त्यात ती दीड मात्रा कुठेच नव्हती, मी तिथे मागचाच सूर ओढत बसायचो कारण हार्पवर सूर आपोआप विरत नाही, श्वास आहे तोवर चालूच राहतो.

गिटारची तार छेडली की सूर लगेच मरायला लागतो. आपला मरत नाही, आपल्याला तो मारावा लागतो. या एका फरकावर सगळं उभं आहे.

दुसरी पायरी: जीभ म्हणजे तुमचा पिक

गिटारवाला पिकने तार छेडतो म्हणून प्रत्येक सुराला एक टोक असतं. हार्पवर ते टोक जिभेने आणायचं. -२ वर "त" म्हणत सूर सुरू करा, मग "त्" म्हणत बंद करा, म्हणजे "तत्", जीभ पुन्हा वरच्या दातांमागे जाऊन हवा अडवते आणि सूर कापला जातो. टंग ब्लॉकिंगने वाजवत असाल तर जीभ होलांवर असते, मग घशातून "क" किंवा "ग" म्हणून हवा तोडा, थोडा वेळ लागतो पण येतं.

मेट्रोनोम ६० वर लावा आणि प्रत्येक टिक ही दुसरी आणि चौथी मात्रा समजा, म्हणजे खरी लय १२० झाली. सुरुवातीला टिकला पहिली मात्रा मानायची इतकी सवय असते की डोकं गरगरतं, तेव्हा आधी नुसतं "एक टिक तीन टिक" मोजा. मग -२ वर चारही मात्रांना "तत् तत् तत् तत्". आवाज आखूड आणि गोल यायला हवा, फटकन नाही. पाच मिनिटं रोज, दोन आठवडे. कंटाळवाणं आहे हे मान्य, पण हे ज्याने केलं नाही त्याच्या वाजवण्यात गिटार कधीच ऐकू येत नाही, मी हे खात्रीने सांगतो.

आणि त्याच्या उलट दुसरी गोष्ट. गिटारवाला प्रत्येक सूर छेडत नाही. एकदा छेडून पुढचा सूर नुसता बोट आपटून काढतो किंवा बोट घसरवून काढतो. म्हणजे दोन सुरांत पहिल्यालाच टोक, दुसरा नुसता वाहत येतो. आपणही तसंच, पहिल्याला "त", दुसऱ्याला काही नाही, फक्त श्वास. सगळ्या सुरांना "त त त त" केलं तर टाइपरायटर चालल्यासारखं वाटतं आणि काहीच केलं नाही तर सगळं लोण्यासारखं पसरतं, खरं वळण या दोन्हींच्या मिसळीत आहे आणि ती मिसळ गाऊनच कळते.

तिसरी पायरी: खालच्या फ्रेटवरून वर सरकणं

आता ज्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट. जॅझ आणि जंपवाले गिटारिस्ट कॉर्डच्या सुरावर सरळ क्वचित उतरतात. एक फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) खालून येतात, म्हणजे अर्धा सूर खालून, बोट सरकवून किंवा आपटून. आपल्याकडे ज्याला कणस्वर म्हणतो तेच. जी कॉर्डचे तीन सूर म्हणजे सा, ग, प. आणि हार्पवर बघा:

-२' पासून -२ (शुद्ध नी वरून सा)
-३' पासून -३ (कोमल ग वरून शुद्ध ग)
-४' पासून -४ (तीव्र म वरून प)

तिन्ही सुरांना अर्धा सूर खालची जागा त्याच होलात आहे! बेंड धरून सुरुवात करायची आणि सोडून द्यायचा, बस्स. गिटारवाल्याला बोट सरकवावं लागतं, आपल्याला फक्त जीभ सैल सोडायची आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. बहुतेकांना बेंड असा येतो की आधी सरळ सूर, मग तो खाली ओढायचा. इथे उलटं हवं, सुरुवातच खालून. त्यासाठी हार्प तोंडाला लावायच्या आधीच तोंडाची पोकळी बेंडच्या आकारात आणून ठेवायची, मग "त" न म्हणता हळूच हवा आत घ्यायची, सूर थेट खाली लागला पाहिजे. ट्यूनर समोर ठेवा. -३' सगळ्यात आधी पक्का करा कारण ३ नंबरच्या होलात तीन वेगवेगळे बेंड आहेत आणि घसरायला जागा भरपूर. -४' सोपा. -२' सगळ्यात उशिरा येतो, घाई करू नका.

मग सोडण्याचा वेग. सावकाश सोडला की ती मींड होते, ऐकायला छान वाटते पण ती शिकागोच्या खोल ब्लूजची जागा आहे. जंपमध्ये हे झटकन व्हायला हवं, कोमल ग जेमतेम कानाला लागतो न लागतो आणि शुद्ध ग वर आपण पोचलेलो असतो. हा एक फरक बदलला तरी लोक विचारतात की हे काहीतरी वेगळंच वाजतंय.

हे जमलं की त्याच्या पुढची खुबी म्हणजे सुराला दोन्हीकडून घेरणं. आधी वरचा, मग खालचा, मग तो सूर. ग साठी: ४ -३' -३. प साठी: ५ -४' -४. सा साठी: -३'' -२' -२. चार्ली ख्रिश्चन आणि त्याच्यानंतरच्या जॅझवाल्यांच्या बोलण्यात हे वळण सारखं असतं. पहिली दोन घेरणी आत्ता करा, तिसरं वर्षभराने केलं तरी हरकत नाही.

चौथी पायरी: सिक्स्थ आणि नाइन्थ

ब्लूज शिकवताना सगळे कोमल ग, कोमल नी वाला ब्लूज स्केल शिकवतात आणि मग नवा माणूस तोच सगळीकडे लावतो. जंपचा रंग तो नाही. जंप हसरं असतं आणि ते हसू शुद्ध ग आणि ध मध्ये आहे. सा ग प ध, ही सिक्स्थ कॉर्ड: -२ -३ -४ ५. यात ड्रॉ, ड्रॉ, ड्रॉ आणि शेवटी ब्लो. वर जाताना आणि खाली येताना करा, मग त्यात कणस्वर घाला:

-२ -३' -३ -४ ५ -४ -३ -२

नुसतं एवढं शफलच्या ठेक्यावर वाजवलं की खोलीत दिवा लागल्यासारखं होतं.

नाइन्थ म्हणजे सुरुवातीचे ते पाच सूर, -२ -३ -४ -५ -६. यात सगळं ड्रॉ असल्यामुळे छाती भरत जाते आणि नव्या माणसाचा जीव चौथ्या सुरालाच वर येतो. उपाय हा की कमी हवा घ्या, खरंच खूप कमी, नाकाने हळू श्वास घेतो तेवढी. आणि फ्रेज सुरू करायच्या आधी फुफ्फुसं थोडी रिकामी करून ठेवा. -६ वरून ६ वर आलात (तार रे वरून तार सा) की ती ब्लो आहे, तिथे हवा सोडायची संधी मिळते, म्हणून -५ -६ ६ ५ -४ असं उतरणं हातात ठेवा, ते सुरातही बसतं आणि श्वासातही.

इथे एक गोष्ट: पूर्ण सुराचा -३'' म्हणजे शुद्ध रे, तो खालच्या सप्तकात नीट लागायला सगळ्यांनाच त्रास होतो. काही लोक यासाठी पॅडी रिक्टर ट्यूनिंगची हार्प घेतात ज्यात ३ चा ब्लो एक सुराने वर चढवलेला असतो, म्हणजे रे बेंडशिवाय मिळतो. चांगली सोय आहे, पण या शैलीसाठी मी ती सुचवणार नाही, कारण पुढच्या पायरीत काय जातं ते बघा.

पाचवी पायरी: एकच सूर, दोन जागा

गिटारवर तोच सूर दोन वेगळ्या तारांवर मिळतो. जंपवाले याचा भरपूर वापर करतात, एकच सूर एकदा या तारेवर एकदा त्या तारेवर असा आलटून पालटून, सूर तोच पण पोत बदलतो. सॅक्सोफोनवर लेस्टर यंग हेच दुसऱ्या बोटांनी करायचा. आणि आपल्याकडे? -२ आणि ३, दोन्ही सा! एक ड्रॉ, एक ब्लो. -२ जाड आणि थोडा खर्जातला वाटतो, ३ स्वच्छ आणि हलका.

-२ ३ -२ ३ -२ ३ -२ असं आठव्या नोट्समध्ये (एका मात्रेत दोन सूर) वाजवा, जाड सुराला मात्रा आणि हलक्याला मधली जागा, मग उलटं करा, हलका सूर मात्रेवर आणि जोर मधल्या जागेवर. बोनस असा की श्वास आत-बाहेर होत राहतो, त्यामुळे हे दोन बार काय आठ बार केलं तरी दम लागत नाही. बँड मागे पेटलेला असताना चार बार फक्त एक सूर असा वाजवणं यासारखं परिणामकारक काही नाही, आणि नव्या माणसाला हे पहिल्या महिन्यात जमतं. पॅडी रिक्टरवर ३ चा सा उरतच नाही, म्हणून मी वर नको म्हणालो.

सहावी पायरी: कॉर्ड बदलली की तुम्हीही बदला

हार्पवाले ब्लूजचं बारा बारचं अख्खं आवर्तन एकाच स्केलमध्ये काढतात, गिटारवाले तसं करत नाहीत, ते कॉर्डबरोबर वळतात. हे ऐकून घाबरायला होतं पण हार्पवर याची किल्ली फार सोपी आहे. पहिली कॉर्ड (जी) ड्रॉमध्ये आहे. चौथी कॉर्ड (सी) ब्लोमध्ये आहे, ४ ५ ६. म्हणजे पाचव्या बारला कॉर्ड बदलते तेव्हा तुमचा श्वासही दिशा बदलतो, अंगालाच कळतं की आता दुसरीकडे आलो.

दुसरी किल्ली म्हणजे ग. पहिल्या कॉर्डवर शुद्ध ग, -३. चौथ्या कॉर्डवर कोमल ग, -३', कारण तो सी सेव्हन्थचा सातवा सूर आहे. एवढा एकच सूर बदलला तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेली कळते, मागे कुणी वाजवत नसलं तरी. करून बघा:

पहिल्या बारला: -३' -३ -४ ५ ६ ५ -४
पाचव्या बारला: -३' ४ ५ ६ ५ ४ -३'

पहिली ओळ एक मात्रा सोडून सुरू करा, एकदम समेवर उडी मारू नका. दुसऱ्या ओळीत -३' सुटू द्यायचा नाही, तो खालीच धरायचा, आणि इथे बहुतेकांचा सूर वर सरकतो आणि सगळं बेसूर होतं, तेव्हा बॅकिंग ट्रॅक न लावता नुसती सी सेव्हन्थ कुठल्यातरी कीबोर्ड अॅपवर धरून ठेवून त्याच्यावर -३' लावत बसा. कान तयार झाला की तोंड आपोआप जागा शोधतं.

जॅझकडे झुकलेल्या बारा बारमध्ये आणखी दोन सुंदर वळणं येतात. सहाव्या बारला चौथी कॉर्ड अर्धा सूर वर सरकून डिमिनिश्ड होते, जी मधून वाजवताना सी शार्प डिमिनिश्ड. त्याचे सूर आपल्याला असे मिळतात: -४' ५ ६. पाचव्या बारला ४ ५ ६ वाजवलंत ना, सहाव्याला फक्त ४ च्या जागी -४', बाकी तेच. इतकं कमी हलवून इतकं मोठं काम होतं!

आठव्या बारला ई सेव्हन्थ येते आणि नवव्याला ए मायनर. तिथे ६ -६' -६ एवढे तीन सूर, तार सा, कोमल रे, शुद्ध रे, अर्ध्या अर्ध्या सुराने वर चढत. -६' जी शार्प आहे, ई सेव्हन्थचा जीव, आणि -६ ए मायनरचा पाया. -६ चा बेंड सोपा आहे, त्यामुळे हे लवकर येतं. दहाव्या बारच्या डी सेव्हन्थसाठी -४ ४ -३'' -२' -२ असं खाली उतरत सा वर येणं अप्रतिम लागतं पण त्यात दोन्ही अवघड बेंड आहेत. तोवर -४ ४ -४ -१ नेही भागतं, प आणि म या दोन सुरांनी पाचवी कॉर्ड (डी) सांभाळून नेली जाते.

सातवी पायरी: स्विंग आणि शेवटचा सूर

आठव्या नोट्स जोडीत घ्या, पहिली लांब, दुसरी आखूड. मध्यम लयीत हे तीनात दोन आणि एक असं पडतं. पण लय वाढत जाते तसा हा फरक कमी होतो आणि खूप जलद लयीत सूर जवळजवळ सरळच पडतात, हे लक्षात ठेवा नाहीतर जलद शफलवर लंगडल्यासारखं वाटतं. जोर दुसऱ्या, आखूड सुरावर द्या. जीभही तिथेच मारा, "त" आखूड सुराला आणि पुढचा लांब सूर त्याला जोडून: दा-ता-आ-ता-आ-ता.

शेवट बहुतेक वेळा मात्रेवर नसतो, मात्रांच्या मधे असतो. "दा-दाप्", आणि तो "दाप्" कापलेला. मित्राचा तळवा आठवा. फ्रेजचा शेवटचा सूर चौथ्या मात्रेच्या नंतरच्या अर्ध्यावर आखूड टाकून गप्प बसलात आणि पुढच्या बारची पहिली मात्रा ड्रमला दिलीत की तो जो झोल येतो, तोच जंप.

दोन सूर एकत्र

कार्ल होगनसारखे गिटारवाले वरच्या दोन तारा एकत्र छेडून फ्रेज सुरू करतात. हार्पवर शेजारची दोन होलं एकत्र: -४-५, -३-४, ब्लोमध्ये ५-६. चौथ्या कॉर्डवर ५-६, पहिल्या कॉर्डवर -४-५, यांच्यात खेळत राहा, आखूड, कापून. -४ ला किंचित खाली दाबत -४-५ एकत्र वाजवलं की तो घासल्यासारखा गिटारचा आवाज येतो. जॅझ गिटारिस्ट वेस माँटगोमेरीच्या पद्धतीचे सप्तकाचे जोड हवे असतील तर टंग ब्लॉकिंगने मधली दोन होलं झाकून १-४, २-५, ३-६ ब्लो आणि ड्रॉमध्ये -१-४. ड्रॉच्या बाकी होलांवर तेच अंतर धरलं तर सप्तक येत नाही, -२-५ म्हणजे सा आणि कोमल नी होतात. तेही वापरतात, पण तो वेगळा, दाट रंग आहे हे माहीत असूद्या.

वरच्या होलांबद्दल

-७ ला बेंड नाही, म्हणून तार सप्तकात तो लाडका कोमल ग ते शुद्ध ग कण साध्या रीतीने मिळत नाही. ६ च्या ओव्हरब्लोने (फुंकताना तोंडाचा आकार बदलून नेहमीपेक्षा वरचा सूर काढणं) कोमल ग मिळतो आणि हार्पवाला हॉवर्ड लेव्ही, त्याने या तंत्राने डायटॉनिकवर सगळे बारा सूर वाजवून दाखवलेत, पण नव्या माणसाने आत्ता तिकडे जाऊ नये असं मला वाटतं, रीडची उंची नीट बसवलेली हार्प लागते आणि खालच्या सहा होलांत करण्यासारखं वर्षभराचं काम पडलंय. फ्रेज वर जाऊ लागली की ती सप्तकाने खाली मोडून घ्या, गिटारवालेही मानेच्या टोकाला पोचले की असंच खाली वळतात. गाणं मायनरमध्ये असेल तर थर्ड पोझिशन, सी च्या हार्पवर डी, सा -४ वर. आणि जॅझच्या गाण्यांचा ओढा फारच लागला तर क्रोमॅटिक आहे, म्हणजे बटण दाबून सगळे बारा सूर देणारी हार्मोनिका, टूट्स थीलमान्स तर जॉर्ज शिअरिंगच्या बँडमध्ये गिटारही वाजवायचे आणि क्रोमॅटिक हार्मोनिकाही, दोन्ही वाद्यांवर त्यांची फ्रेज एकाच माणसाची वाटते.

रोज कसं करायचं

अर्धा तास धरला तर दहा मिनिटं "तत्" आणि तीन कणस्वर, दहा मिनिटं एकच दोन बारची फ्रेज आधी गाऊन मग हार्पवर, आणि दहा मिनिटं बारा बारचा ट्रॅक लावून फक्त तीच फ्रेज. पहिल्या चार बारला ती, पाचव्याला ग कोमल करून ती, नवव्याला जी जमेल ती. मधल्या जागा रिकाम्या ठेवा. आठवड्याला एक फ्रेज, त्याहून जास्त नको, वर्षाला पन्नास होतात.

स्वतःचं रेकॉर्ड करा आणि ऐकताना सूर मोजू नका, रिकाम्या मात्रा मोजा. बारा बार म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, त्यातल्या वीस-पंचवीस रिकाम्या असल्या तर तुम्ही बरोबर चाललात. आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखादा गिटारवाला गाठा, चार बार तो, चार बार तुम्ही. तो जे वाजवेल त्याचे सूर नाही जमले तरी चालेल, त्याची फ्रेज जिथे सुरू झाली त्याच मात्रेवर तुमची सुरू करा आणि जिथे संपली तिथेच कापा.